रजनीताईंचं कार्यक्षेत्र

तुमचं काम अडलेलं आहे. समोरच्या माणसाला उत्तर माहीत आहे, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसतंय. आणि तो म्हणतो, "मला हे सांगायचा परवाना नाही." अशा माणसाला तुम्ही काय म्हणाल, सचोटीचा की भित्रा?

मी भित्रा म्हटलं होतं, आणि तेही तोंडावर. तो माणूस म्हणजे रजनी शिरसाट, मेलबर्नच्या पश्चिमेला टार्निटमध्ये आमच्या शेजारच्या घरात राहणाऱ्या मॉर्गेज ब्रोकर. घरासाठी कर्ज हवं असलं की बँक आणि कर्जदार यांच्यामध्ये उभा राहतो तो ब्रोकर. आम्ही चार मुलींनी मिळून ते घर भाड्याने घेतलं होतं. मला तिथे जेमतेम महिना झाला होता, लॉकडाउन लागलेला होता आणि माझ्या व्हिसाच्या फॉर्मचा एक प्रश्न अडला होता. शेजारच्या मराठी बाईंना कागदातलं सगळं कळतं असं कुणीतरी सांगितलं, म्हणून मी फुटपाथवरून फॉर्म पुढे केला. त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला, दोन्ही पानं वाचली, अकराव्या प्रश्नावर बोट ठेवलं, थोडं थांबल्या आणि फॉर्म परत दिला.

"मग काय लिहू तिथे, काकू?"

"पहिली गोष्ट, काकू नको. मी कुणा काकाची बायको नाही. ताई म्हण. दुसरी गोष्ट, व्हिसाचा सल्ला द्यायला रजिस्टर्ड एजंट लागतो. मी होम लोनवाली. हे माझं कार्यक्षेत्र नाही."

"पण तुम्हाला उत्तर माहितेय."

"बहुतेक माहितेय."

"मग सांगा ना."

"बहुतेकवर तू या देशात राहणार का?"

मी म्हटलं, भित्र्या आहात तुम्ही. त्यांनी फॉर्मच्या पाठीमागे तीन एजंटांची नावं लिहिली. "असेन. यातला पहिला महाग आहे. दुसरी बाई नीट ऐकून घेते, तिला फोन कर." त्या दुसऱ्या बाईनं मला अकराव्या प्रश्नाचं जे उत्तर लिहायला लावलं, ते आमच्या घरातल्या चारही जणींनी गृहीत धरलेल्या उत्तराच्या नेमकं उलट होतं. हे मी ताईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "हो का? मीही चुकलेच असते मग." त्यात त्यांना जराही कमीपणा वाटला नाही.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. इचलकरंजीत माझे बाबा यंत्रमाग कामगारांची पत्रकं लिहायचे आणि आई, मी आणि भाऊ ती घडी घालून वाटायचो. नियम, परवाना, शिक्का हे शब्द ऐकले की मला आपोआप मालकाचा वास यायचा. ताईंना हे कळल्यावर त्यांनी मला कॉम्रेड म्हणायला सुरुवात केली, आणि एके दिवशी शांतपणे विचारलं, "आठ तासांचा दिवस कुणी आणला गं? तुझ्या बाबांच्याच माणसांनी ना? तोही नियमच. मग नियम म्हटलं की नाक का मुरडतेस?" वेअरहाऊसमधली सकाळची शिफ्ट संपवून आल्यावर मी त्यांच्याबरोबर चालायला जाऊ लागले ती तेव्हापासून.

चालायला जाणं हा शब्द ताई फार गंभीरपणे घेत. घराबाहेर दोघांनी व्यायाम करायची मुभा होती, गप्पा मारत उभं राहायची नव्हती. त्यामुळे आम्ही तळ्याभोवती चालत बोलायचो, आणि मी बोलण्याच्या भरात थांबले की त्या पुढे निघून जायच्या. "चालत बोल, कॉम्रेड. उभं राहणं हा व्यायाम नाही." बुटकी, काटक बाई. पांढरे केस पोरासारखे कापलेले. पंजाबी ड्रेसवर मुलाचं जुनं भडक नारिंगी जॅकेट, त्याच्या पाठीवर चंदेरी पट्टे. मुलगा निखिल पश्चिम ऑस्ट्रेलियात कालगुर्लीला सोन्याच्या खाणीत इंजिनीअर. नवऱ्याचा विषय त्या दोन शब्दांत संपवायच्या, "आहे. नाशकात."

कार्यक्षेत्र हा शब्द त्यांनी गावाहून आणला होता. नेवासा तालुक्यातल्या एका पतसंस्थेत त्या तरुणपणी कारकून होत्या. पतसंस्थेच्या पोटनियमात कार्यक्षेत्र लिहिलेलं असतं. संस्था तालुक्याची असेल तर कर्ज तालुक्यातच द्यायचं, कारण ज्याला देताय त्याचं घर, शेत, अब्रू तुम्हाला ओळखता आली पाहिजे. त्यांच्या चेअरमननं शेजारच्या जिल्ह्यातल्या लोकांना कर्जं वाटली. कागद ताईंनी तयार केले. कर्जदाराचा पत्ता कार्यक्षेत्राबाहेरचा आहे हे त्यांना दिसत होतं, आणि त्यावर शेरा मारायचा त्यांना अधिकारही होता. संस्था बुडाली. त्यानंतर ठेव अडकलेला एक निवृत्त शाळाशिपाई रोज सकाळी दहा वाजता येऊन संस्थेबाहेरच्या बाकावर बसायचा. भांडायचा नाही, काही मागायचा नाही. कुलूप उघडेपर्यंत बसायचा आणि जायचा.

"मला तुरुंग झाला नाही, नोटीस आली नाही, काही नाही," ताई म्हणाल्या. "मी फक्त विचारलं नव्हतं. एवढाच माझा गुन्हा. त्याला कलम नाही."

हे सांगतानाही त्या चालतच होत्या.

ऑस्ट्रेलियात येऊन, परीक्षा देऊन, ब्रोकर होऊन त्यांना दहा वर्षं झाली होती. ऑफिस म्हणजे घराचं गॅरेज. गाडी रस्त्यावर आणि गॅरेजात टेबल, प्रिंटर, आल्याच्या चहाचा थर्मास, भिंतीवर तीन घड्याळं. एकाखाली चिकटपट्टीवर 'आपलं', दुसऱ्याखाली 'ब्रिस्बेन', तिसऱ्याखाली 'पर्थ'. उन्हाळा जवळ आला की मेलबर्नवाले आपली घड्याळं एक तास पुढे करतात आणि ब्रिस्बेनकडचे क्वीन्सलंडवाले करत नाहीत. ताई दर वर्षी ऑक्टोबरातल्या पहिल्या रविवारी सकाळी स्टुलावर चढून फक्त 'आपलं' पुढे करायच्या. बाकीच्या दोघांना हात लावायच्या नाहीत.

नवीन ग्राहक फोनवर आला की नमस्काराच्याही आधी त्यांचं एक ठरलेलं वाक्य असे. "माझे पैसे बँक देते, तुम्ही देत नाही. म्हणून माझ्यावर डोळा ठेवा. आता बोला." काही जण हसत, काही जण घाबरून दुसरा ब्रोकर शोधत. ताईंना दोन्ही चालायचं.

महामारीत राज्यांच्या सीमा बंद झाल्या तेव्हा आपल्या लोकांनी एक गंमत केली. पोलीस गाडी अडवतायत म्हटल्यावर कर्जही अडलं असं त्यांनी समजून घेतलं. कालगुर्लीहून निखिलच्या ओळखीतला एक इंजिनीअर म्हणाला, "पण तुम्ही मेलबर्नला. मला इथलाच ब्रोकर बघावा लागेल ना?"

"मला पोलीस तिकडे येऊ देणार नाहीत," ताई म्हणाल्या. "माझ्या परवान्याला गाडी लागत नाही. तो अख्ख्या देशाचा आहे." मग त्यांचा आवाज जरा कडक झाला. "पण नीट ऐका. कर्ज देशाच्या कायद्यानं, घर राज्याच्या कायद्यानं. करार राज्याचा, स्टॅम्प ड्यूटी राज्याची, करार मोडायची मुदत राज्याची, आणि ते कागद बघणारा माणूसही त्याच राज्याचा परवाना असलेला. एका देशात आहात म्हणून एका कायद्यात आहात असं समजू नका."

त्यासाठी त्यांच्याकडे एक लांबट वही होती. प्रत्येक राज्याला एक पान. आपल्याकडे हे असं, तिकडे तसं, आणि तळाशी त्या राज्यातल्या तीन वकिलांचे नंबर. त्यांपैकी कुणाकडूनही त्या एक डॉलर घेत नसत. "घेतला की मला त्याचं नाव आधी आठवायला लागेल."

त्या वहीतलं लोकांना कळेल असं मराठीत लिहून दे, असं त्यांनी मला सांगितलं. मला तर पर्वणीच. मी दोन रात्री जागून चार पानी पत्रक केलं. मथळा होता 'दलालांच्या विळख्यातून बाहेर पडा'.

त्यांनी ते चष्मा लावून सबंध वाचलं. "दलाल मीच आहे."

"तुम्ही अपवाद."

"मी अपवाद असं म्हणणाऱ्या माणसाच्या जवळ जाऊ नये. आणि विशेषणं किती आहेत गं? नराधम म्हणजे कोण, बँकेचा मॅनेजर? तो आमचा डेव्हिड. त्याला मांजराची ॲलर्जी आहे." त्यांनी पेन्सिल घेतली आणि एकेक शब्द खोडत गेल्या. "हे वाचून माणूस पेटेल. पण सही कुठे करायची नाही हे त्याला कळणार नाही. राग तुझ्याकडे ठेव, कॉम्रेड. लोकांना प्रश्न दे."

चार पानांचं अर्धं पान उरलं. त्यात फक्त प्रश्न होते. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात चांगलं पत्रक आहे आणि त्यावर माझं नाव नाही.

आता अमोल आणि दीपालीची गोष्ट सांगते, कारण तिच्याशिवाय ताई कळणार नाहीत.

अमोल भोसले आमच्या पुढच्या गल्लीत राहायचा. मूळचा साताऱ्याचा, इथे आयटीत. बायको दीपाली नर्स. तिला क्वीन्सलंडमध्ये, ब्रिस्बेनजवळच्या इप्सविचच्या एका हॉस्पिटलात चांगली जागा मिळाली. सहा वर्षांच्या ईराला घेऊन ती पुढे गेली, अमोल महिन्याभरात सामान घेऊन जाणार होता. मधेच सीमा बंद झाली. दीपाली आणि ईरा स्प्रिंगफील्ड लेक्सला मैत्रिणीच्या घरातल्या एका खोलीत, अमोल टार्निटमध्ये एकटा. मैत्रिणीला ती खोली नोव्हेंबरात परत हवी होती. ईरा रोज व्हिडिओवर विचारायची, "बाबा, are you still locked?" अमोल म्हणायचा, "हो बाळा, still."

स्प्रिंगफील्ड लेक्समध्येच त्यांना एक घर मिळालं. दीपालीनं बघितलं, अमोलनं फोनवर बघितलं, आणि गणपतीत दोघांनी ऑनलाइन सह्या करून करार केला. कराराची अट अशी की कर्ज मंजूर झालं तरच घर घ्यायचं, आणि त्यासाठी एकवीस दिवसांची मुदत. कर्ज ताईंकडे. त्या एकवीस दिवसांत बाजार चढला. विक्रेत्याला जास्त पैसे देणारा दुसरा माणूस भेटला, हे विक्रेत्याच्या एजंटनंच दीपालीला बोलता बोलता सांगितलं. म्हणजे आता विक्रेता करार मोडायला निमित्त शोधत होता. ते घर गेलं असतं तर त्या भावात तसं दुसरं मिळणार नव्हतं, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी बँकेची मंजुरी आली. ताईंनी अमोलला फोन केला, "पत्र पाठवलंय. तुमच्या वकिलाला आजच कळवा." अमोल म्हणाला, "वकिलाला लगेच सांगतो, ताई." विषय संपला.

दुसऱ्या दिवशी बुधवार. आम्ही चालून परत येत होतो. सव्वाचार वाजले होते. ताईंना उगाच हुरहुर वाटली म्हणून त्यांनी फुटपाथवरूनच अमोलला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "अमोल, शेजारची मुक्ता ऐकतेय, चालेल ना? वकिलानं पत्र पाठवलं का समोरच्याला?"

"नाही ताई, उद्या."

"उद्या म्हणजे?"

"अहो, आज सर्वपित्री अमावस्या. आई म्हणाली, पितृपक्षात पक्कं कळवू नका. उद्या घटस्थापना, सकाळी सकाळी पाठवतो की."

ताई चालायच्या थांबल्या. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा.

"मुदत आज आहे, अमोल. आज संध्याकाळी पाच."

"हो, पण हरीश म्हणाला काही पाठवायचंच नाही. कर्ज नाही मिळालं तरच कळवायचं. मिळालं तर आपोआप पक्कं होतं. म्हणून म्हटलं, एवीतेवी फॉर्मॅलिटीच आहे तर चांगल्या दिवशी करू."

"कुठला हरीश?"

हरीश म्हणजे टार्निटमधला कन्व्हेयन्सर. खरेदीचे कागद करणारा, हैदराबादचा, सगळ्यांच्या ओळखीचा, स्वभावानं गोड. त्याचा परवाना व्हिक्टोरियाचा, म्हणजे आमच्या मेलबर्नच्या राज्याचा. त्यानं मित्र म्हणून क्वीन्सलंडचा करार चाळला होता आणि व्हिक्टोरियात जसं असतं तसं सांगितलं होतं. आमच्याकडे गप्प बसलं तर करार चालू राहतो. अमोलच्या करारात, क्वीन्सलंडच्या पद्धतीप्रमाणे, कर्ज झालं हे पाचच्या आत लेखी कळवायचं होतं. नाही कळवलं तर विक्रेत्याला करार मोडायची मोकळीक. विक्रेता तेवढ्याचीच वाट बघत होता.

ताईंनी डोळे मिटले. "मी विचारलं नाही," त्या म्हणाल्या. आवाज अगदी खाली गेला होता. "वकील म्हणालास तू, आणि मी वकील कुठला ते विचारलं नाही." मग डोळे उघडले. "ब्रिस्बेनमध्ये आत्ता सव्वातीन. पावणेदोन तास आहेत. फोन चालू ठेव."

त्या गॅरेजात शिरल्या. मला आत जायची परवानगी नव्हती, म्हणून मी फुटपाथवर येरझाऱ्या घालू लागले. टेबलावर अमोलचा चालू कॉल, शेजारी ऑफिसचा दुसरा फोन, हातात ती लांबट वही.

मी बाहेरून ओरडले, "ताई, तुम्हीच ईमेल करा ना समोरच्या वकिलाला. कर्ज झालंय, पत्र तुमच्याकडे आहे. दोन ओळी."

"ते कायद्याचं पत्र आहे. माझं कार्यक्षेत्र नाही."

"आत्ता कार्यक्षेत्र? घर चाललंय त्यांचं."

"म्हणूनच. मी लिहिलं आणि एक शब्द इकडचा तिकडे झाला, तर विक्रेत्याला हवंय तेच मी त्याच्या हातात दिलं."

"मग अमोलला सांगा काय लिहायचं."

"काय लिहायचं हे सांगणं म्हणजेच सल्ला." मग फोनकडे वळून, "अमोल, करार तुझा आहे. तू स्वतःच्या मनानं काहीही लिहू शकतोस, तो तुझा हक्क. तिथले पावणेपाच होईपर्यंत वकील मिळाला नाही तर तू ठरव. तोवर मला शोधू दे."

खरं सांगते, त्या क्षणी मला त्या बाईचा भयंकर राग आला होता. तत्त्वाच्या नावाखाली हात झटकतायत असं वाटलं. पण हात झटकणारा माणूस एवढ्या वेगानं फोन फिरवत नाही. पहिल्या नंबरवर रेकॉर्ड केलेला आवाज. दुसऱ्या ऑफिसनं सांगितलं, आज नवीन काम घेत नाही. तिसरी इप्सविचचीच एक वकील. तिनं तीन प्रश्न विचारले आणि म्हणाली, करार पाठवा, मंजुरीचं पत्र पाठवा, दोघांची ओळखपत्रं पाठवा, आणि मला नेमल्याच्या कागदावर दोघांच्याही सह्या पाहिजेत. "Both buyers. No signature, no letter."

अमोलची सही दहा मिनिटांत झाली असती. पण तो अडखळला. "ताई, आज अमावस्येला नवीन सही... आईला काय सांगू?"

"आईंना सांग, ताईंनी करायला लावली. पितर रागावले तर मी बोलते त्यांच्याशी. त्याला परवाना लागत नाही."

अमोल रडवेला हसला आणि सही केली. आता दीपाली. ती शिफ्टला होती, फोन लॉकरमध्ये. अमोलनं वॉर्डचा नंबर लावला. तिथल्या बाई म्हणाल्या, दीपाली आयसोलेशनच्या खोलीत आहे, पूर्ण पोशाखात, बाहेर आली की सांगते. 'ब्रिस्बेन'च्या घड्याळात चार वाजून गेले. मग सव्वाचार. ताई खुर्चीवर बसल्या नाहीत. अमोलशी दुसरंतिसरं बोलत राहिल्या, जेवलास का, ईराची शाळा कशी चाललीय. तो उत्तरं देत राहिला. मला तेव्हा कळलं की त्या त्याला धरून ठेवतायत.

चार एकेचाळीसला दीपालीचा फोन. धापा टाकत होती. "कुठे करू सही? मला कुणी सांगेल का काय झालंय?"

"नंतर सांगते," ताई म्हणाल्या. "आधी वाच. चार ओळी आहेत. वाचल्याशिवाय करू नकोस."

एकोणीस मिनिटं उरलेली असताना ही बाई दीपालीला वाचायला लावत होती. दीपालीनं वाचलं आणि सही केली. पाचला सात कमी असताना इप्सविचच्या वकिलाचा फोन आला, पत्र गेलं, समोरच्या ऑफिसनं पोच दिली. "No worries," ती म्हणाली, जणू काही घडलंच नाही.

ताईंनी थर्मासमधला चहा ओतला. थोडा टेबलावर सांडला. मग त्यांनी वहीचं क्वीन्सलंडचं पान उघडून सगळ्यात वर, समासात, एक ओळ लिहिली, 'वकील कोण, कुठल्या राज्याचा, पहिल्याच फोनला विचारणे.' खाली सही आणि तारीख. चूक त्यांच्या एकट्यांची नव्हतीच, पण त्यांनी ती आपल्या नावावर लिहून घेतली.

मी त्या संध्याकाळी हरीशवर एक जळजळीत मजकूर लिहिला, टार्निटच्या सगळ्या ग्रुपवर टाकण्यासाठी. नाव, फोटो, सगळं. ताईंना पाठवला. उत्तर आलं, "थांब."

दुसऱ्या दिवशी त्यांनी हरीशला फोन केला, मी बाजूने चालत होते. तो आधीच खचला होता. "दीदी, मेरी गलती है. मैंने तो दोस्ती में बोल दिया."

"दोस्तीत किती जणांना बोललास?" ताईंचं हिंदी फार वेळ टिकायचं नाही. "क्वीन्सलंड, पर्थ, सगळे मिळून?"

त्यानं मोजून सांगितलं, पाच.

"पाचही जणांना फोन कर. म्हणावं, मी सांगितलेलं चुकीचं असू शकतं, त्या राज्याचा वकील गाठा. शुक्रवारपर्यंत. मी शनिवारी विचारीन. फोन गेले नसतील तर तुझ्या परवान्याच्या ऑफिसात लेखी कळवीन, आणि ते तुला आधी दाखवून कळवीन."

शुक्रवारी दुपारी हरीशनं पाचही जणांची यादी पाठवली, प्रत्येकापुढे फोनची वेळ. त्यातल्या एका कुटुंबाची मुदत पुढच्याच आठवड्यात होती. माझ्या मजकुरानं हरीशची अब्रू गेली असती आणि त्या कुटुंबाला काहीही कळलं नसतं. माझ्या घरात भिंतीवर घोषणा लिहायची पद्धत होती. मी पहिल्यांदा एखादी घोषणा स्वतःहून पुसली.

घराचा ताबा नोव्हेंबरात मिळाला. दीपाली आणि ईरा आधी राहायला गेल्या, आणि डिसेंबरात सीमा उघडली तेव्हा अमोलनं सामान हलवायला ट्रक बोलावला. त्यानंतर काही महिन्यांनी ताई निखिलकडे कालगुर्लीला गेल्या. त्या गेल्या त्या दिवशी मी शिफ्टवर होते. निरोप झालाच नाही; ताई आठवल्या की माझ्या डोळ्यांसमोर त्या उभ्या राहतात त्या अमोलच्या दारातल्या त्या ट्रकपाशी.

सकाळपासून ऊन कडक होतं. सोफा, फ्रिज, ईराची सायकल, सगळं चढून झालं होतं. ड्रायव्हरनं अमोलपुढे क्लिपबोर्ड धरला. अमोलनं पेन उचललं, आणि पेन हातात तसंच धरून त्यानं मागे वळून ताईंकडे बघितलं. कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यानं नुसतं बघितलं. ताई पुढे झाल्या, क्लिपबोर्ड ट्रकच्या बॉनेटवर ठेवला, चष्मा खाली घेतला आणि बारीक अक्षरांवर बोट फिरवत वाचायला लागल्या. नारिंगी जॅकेट काढून त्यांनी काखेत धरलं होतं. अमोल त्यांच्या खांद्यावरून तीच ओळ वाचत होता.

ड्रायव्हर म्हणाला, "It's all standard, love. Everyone just signs it."

"Then I'll be quick," ताई म्हणाल्या, आणि पान उलटलं. त्या अजिबात घाई करत नव्हत्या. अमोलनंच विचारलं, "हे सामान दुसऱ्या राज्यात उतरवताना फुटलं, तर हा विमा तिकडे चालतो का?" ड्रायव्हरला माहीत नव्हतं. त्यानं ऑफिसला फोन लावला, आणि आम्ही सगळे उन्हात उत्तराची वाट बघत उभे राहिलो.

एक विनंती आहे. तुमच्या घरात या क्षणी एखादा सही न झालेला कागद पडलेला असेल, भाड्याचा, कर्जाचा, नोकरीचा, कशाचाही. तो आज उचला, शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, आणि ज्यानं तो आणून दिला त्याला फोन करून विचारा, हे मला सांगायची परवानगी तुम्हाला कुणी दिली, आणि ती मी राहतो तिथे चालते का? उत्तर लेखी येईपर्यंत पेन खाली ठेवा.